प्रवेश तर मिळाला, समावेश झाला का? – कॉलेजात गेलेली आपली मुलं आणि त्यांची उभारी



एरवी आपण इथे वाचन-लेखन, गणित पेटी, परिपाठ असल्या विषयांवर बोलतो. आज मात्र कॉलेज-विद्यापीठातल्या मुलांबद्दल लिहिणार आहे. तुम्ही म्हणाल, पहिली ते चौथीच्या बाईंना हा विषय कशाला? मी स्वतः विद्यापीठाच्या वर्गात कधी बसलेली नाही. बारावीनंतर डी.एड. केलं, नोकरी लागली आणि बी.ए. मुक्त विद्यापीठातून घरी बसून पूर्ण केलं. पण दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात सतरंजीवर बसलेली मुलं आज संभाजीनगर, पुणे, नांदेडला शिकतायत. त्यातली काही मधूनच परत येतात. एसटी स्टँडवर भेटतात, नजर चुकवतात. "काय रे, कॉलेज?" असं विचारलं की म्हणतात, "सोडलं बाई. जमंना."

हे "जमंना" म्हणजे नेमकं काय, याच्या मागे मी दोन वर्षं लागले आहे. आजचा लेख त्यावर आहे.

एक मुलगी दिवाळीला घरी आली

घनसावंगी तालुक्यातल्या एका तांड्यावरची मुलगी. आईवडील ऊसतोडीला जाणारे. दसरा झाला की मुकादमाची उचल फेडायला टोळी निघायची, ती मार्च-एप्रिललाच परत. पहिली-दुसरीत ही त्यांच्यासोबत फडात असायची. तिसरीपासून आम्ही तिला गावातल्या हंगामी वसतिगृहात ठेवून घेतलं, तेव्हा कुठे तिची शाळा सलग झाली. घरी गोरमाटी, शाळेत आमची इकडची मराठी, अशा दोन भाषा तिने सहज सांभाळल्या. २०१४-१५ ला ती माझ्याकडे चौथीत होती. पुढे दहावी झाली, बारावी सायन्स झालं आणि २०२३ मध्ये इंजिनिअरिंगला नंबर लागला. तांड्यावरून इंजिनिअरिंगला जाणारी ती पहिलीच मुलगी होती. आम्ही शाळेत तिचा सत्कार केला, फोटो ग्रुपवर टाकले.

दिवाळीच्या सुट्टीला ती घरी आली आणि परत जायचंच नाही म्हणाली. आईवडील तोपर्यंत फडावर गेलेले. आजीने निरोप धाडला, म्हणून मी गेले.

मी काय केलं असेल? जे आपण सगळे करतो तेच. चांगलं वीस मिनिटं भाषण दिलं. "अगं, तू ऊसतोड्याची पोर. कोपीत राहिलीस, थंडीवाऱ्यात वाढलीस. एवढं सगळं सोसलं आणि आता पंख्याखाली बसून शिकायचं तर रडतेस? संघर्ष करायला शिक." ती खाली मान घालून ऐकत होती. माझं झाल्यावर एवढंच म्हणाली, "बाई, फडात मी एकटी नव्हते."

मला पुढे काही बोलता आलं नाही.

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. कुणी मारलं नव्हतं, शिवी दिली नव्हती, ज्याला रॅगिंग म्हणतात तसलं काही नव्हतं. पहिल्या आठवड्यात ती सरांना म्हणाली, "सर, मपली वही रूमवर राहिली." सगळा वर्ग हसला, सरही हसले. नंतर चार पोरं तिला बघितलं की "मपली, मपली" करायची. त्या दिवसापासून तिने वर्गात तोंड उघडलं नाही. प्रॅक्टिकलचे ग्रुप मुलांनी आपापसात पाडले, त्यात ही उरली. तिला शेवटी एका ग्रुपला "जोडलं". ऑफिसमधून एक कर्मचारी वर्गात यायचे आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणायचे, "स्कॉलरशिपवाले हात वर करा, हार्ड कॉपी अजून कुणाची राहिली?" रूमवरच्या मुलींनी पहिल्या रात्री नाव विचारलं. तिने नाव सांगितलं, तर म्हणाल्या, "पूर्ण नाव सांग ना." आडनाव कळल्यावर कुणी काही बोललं नाही. पण दुसऱ्या दिवशीपासून मेसला जाताना तिला हाक मारली नाही.

तीन महिने ती एकटी जेवली. एम-वन हा गणिताचा पेपर अवघड जातोय, हे विचारायलाही कुणी नव्हतं. गणितात ती कच्ची कधीच नव्हती, हे मी छातीठोकपणे सांगते.

'लवचीकता' की 'उभारी'?

प्रशिक्षणांत आपल्याला हल्ली एक शब्द ऐकायला मिळतो, मानसिक लवचीकता. संकट आलं तरी मोडून न पडता पुन्हा उभं राहण्याची क्षमता, असा त्याचा अर्थ सांगतात. मला त्यापेक्षा आपला शेतातला शब्द जवळचा वाटतो – उभारी. पावसाने ओढ दिली की पीक कोमेजतं आणि एक चांगला पाऊस झाला की उभारी धरतं. आता या वाक्यात पाऊसही आहे, हे लक्षात घ्या. पिकाला एकट्याला उभारी धरता येत नाही.

माझं माहेर भोकरदन तालुक्यातलं, मिरचीचा पट्टा. मिरचीचं रोप वाफ्यात कसं तरारून आलेलं असतं! ते उपटून सरीवर लावलं की त्याच दिवशी माना टाकतं. नवा माणूस घाबरतो, रोपंच खराब निघाली म्हणतो. माझे वडील म्हणायचे, रोपाला काही झालेलं नाही, त्याची फक्त जागा बदलली. दोन-तीन दिवसांनी आंबवणीचं हलकं पाणी दिलं की ते मान वर करतं. ते पाणी चुकलं तर मात्र कितीही जातिवंत रोप असो, जळतं.

कॉलेजातून परत आलेल्या मुलाला आपण रोपासारखंच तपासतो. अभ्यासात कमी पडला का, मन खंबीर नाही का, मोबाईलने बिघडला का. आंबवणी कुणी दिली का, हे विचारत नाही. कॉलेजंही तेच करतात. वर्षातून एकदा मोठा वक्ता बोलावून 'यशाचा मंत्र' ठेवतात. भाषण वाईट नसतं हो. पण जी मुलगी रोज एकटी जेवते तिला त्या मंत्राचा काय उपयोग?

विविधता आणि समावेशन हे दोन शब्दही आपण एकाच दमात म्हणतो. वर्गात निरनिराळ्या जातिधर्मांची, भाषांची, गावांची, अपंगत्व असलेली मुलं आहेत, ही झाली विविधता. ती आता कायद्याने आणि आरक्षणाने बरीच आली आहे. उदाहरणच द्यायचं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. पण जागा मिळाली म्हणजे प्रवेश झाला. समावेश झाला का, ते मेसच्या टेबलावर कळतं. माझं म्हणणं सगळं एवढ्यावरच आहे. मुलांची उभारी प्रवेशातून येत नाही, समावेशातून येते. आणि जिथे विविधता आहे पण समावेश नाही, तिथे सगळ्यात काटक मूलसुद्धा मोडू शकतं.

हे मी हवेत बोलत नाही. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत डॉ. पायल तडवी हिने आत्महत्या केली, ते आपल्याला आठवत असेल. जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातली मुलगी. एम.बी.बी.एस. पूर्ण करून ती स्त्रीरोग विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केला असा आरोप कुटुंबाने केला, प्रकरण न्यायालयात गेलं. त्याच वर्षी तिची आई आणि हैदराबादच्या रोहित वेमुलाची आई, दोघींनी मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. कॉलेजांमध्ये भेदभाव रोखण्याचे नियम प्रत्यक्षात पाळले जावेत, ही त्यांची मागणी. अशा घरातून, अशा समाजातून डॉक्टर होणारी मुलगी कमजोर मनाची असते, असं कोण म्हणेल?

नागसेनवनात काय झालं होतं

आपल्या मराठवाड्यातच याचं उलटं, चांगलं उदाहरण आहे आणि ते मुलांना सांगायला आपण विसरतो. निजामाच्या राजवटीतून मराठवाडा १९४८ साली सुटला. तेव्हा या भागात उच्च शिक्षण म्हणजे दुर्मीळ गोष्ट. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज सुरू केलं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली. पुढे त्याचं नाव मिलिंद महाविद्यालय झालं आणि परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. मिलिंद हा प्रश्न विचारणारा ग्रीक राजा, नागसेन हे त्याला उत्तरं देणारे भिक्खू. कॉलेजाला प्रश्न विचारणाऱ्याचं नाव दिलंय, हे मला फार आवडतं. आपल्याकडे वर्गात प्रश्न विचारणारं पोरगं आगाऊ ठरतं!

आता त्या काळची मुलं डोळ्यांपुढे आणा. खेड्यातून आलेली, घरात कुणी शाळेचं तोंड न पाहिलेली, गावात पाणवठ्यावर अडवलेली. कॉलेज सगळ्या जातिधर्मांना खुलं होतं. नुसत्या वर्गखोल्या बांधून भागलं नाही, सोबत वसतिगृहं उभी राहिली. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस स्वतः दलित समाजातले नव्हते, पण त्यांनी या मुलांच्या आयुष्यावर 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं आणि मुलांनी ते केलं. विचार करा, ज्या मुलाच्या बोलण्याला गावात किंमत नव्हती त्याचं बोलणं कॉलेजच्या रंगमंचावर आलं, आणि लोक समोर बसून ऐकतायत. पुढे याच परिसरातून १९६७ ला 'अस्मिता' आणि त्यातूनच 'अस्मितादर्श' हे नियतकालिक निघालं. ते डॉ. गंगाधर पानतावणे यांनी अनेक वर्षं चालवलं. दलित साहित्याची एक अख्खी पिढी त्यात लिहिती झाली. पानतावणे सरांना २०१८ साली पद्मश्री जाहीर झाली.

नागसेनवनाकडे मी शिक्षिका म्हणून बघते तेव्हा मला तीन साध्या गोष्टी दिसतात. राहायला जागा, आपलं मानणारे शिक्षक आणि आपल्या भाषेत बोललेलं ऐकून घेणारं एखादं ठिकाण. मुलं टिकली ती या आधारावर. आणि पुढे ती स्वतः दुसऱ्यांचा आधार झाली.

याच शहरातलं विद्यापीठ १९५८ साली स्थापन झालं, आपली जालन्याची कॉलेजं त्यालाच जोडलेली आहेत. त्याला बाबासाहेबांचं नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. १९७८ ला विधिमंडळाचा ठराव झाल्यावर मराठवाड्यात काय काय घडलं, किती घरं जळाली, ते आपल्या आईवडिलांना विचारा. एका पाटीवरच्या नावासाठी सोळा वर्षं! त्या दिवसांत त्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांना रोज काय वाटत असेल, याचा मी कधी कधी विचार करते.

वेगळं बोर्डिंग की एकत्र?

इथे एक जुना प्रश्न आहे आणि त्याची दोन उत्तरं आपल्याच महाराष्ट्रात दिली गेली. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. प्रत्येक समाजाचं मूल आधी शहरात शिकायला येऊन टिकलं तर पाहिजे! कोल्हापुरातच शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढचं पाऊल टाकलं. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू केलं. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. मुलं एकत्र स्वयंपाक करायची, एकत्र जेवायची, काम करून शिकायची. 'कमवा आणि शिका' ही आज कॉलेजांत चालणारी योजना त्याच विचाराची. कर्मवीरांनी तिथे सहजीवनावर कुणाला व्याख्यान द्यायची गरज नव्हती. भाकरी सगळ्यांची एका तव्यावर व्हायची.

मला वाटतं दोन्ही बरोबर होते. नव्या जागी पाय टेकायला आधी आपल्या माणसांचा आधार लागतो. तांड्यावरच्या मुलीला कॉलेजात तांड्याची दुसरी मुलगी भेटली तर तिला हायसं वाटतं, यात जातीयवाद नाही. पण कायम तेवढ्यातच राहिली तर ती एका छोट्या घोळक्यात अडकते. आणि हे फक्त गरीब किंवा मागास मुलांपुरतं नाही, बरं का. जे मूल बारावीपर्यंत फक्त आपल्यासारख्याच मुलांत वाढलं, इंग्रजी शाळा, तेच क्लास, तेच मित्र, ते पहिल्यांदा नापास झालं की काय होतं बघा. हरणं म्हणजे काय हे त्याने कधी जवळून पाहिलेलंच नसतं. ज्याचा मित्र सुट्टीत वीटभट्टीवर काम करून परत कॉलेजला येतो, त्याला एटीकेटी म्हणजे जगबुडी वाटत नाही.

आजही शासनाच्या मदतीच्या योजना समाजानुसार वेगवेगळ्या आहेत. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम्, ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. मराठा व इतर काही प्रवर्गांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. पालकहो, ही नावं लिहून ठेवा, अनेकांना माहीतच नसतात. पैसे वेगवेगळ्या खात्यांतून येवोत. जेवण एकत्र व्हावं, एवढंच.

आपल्या जिल्ह्याचं सध्याचं

हा भाग लिहू की नको असं झालं होतं. पण जालना जिल्ह्यात राहून या विषयावर लिहायचं आणि हे टाळायचं, हे बरं नाही. २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरपासून अंतरवाली सराटी हे नाव देशभर गेलं. पुढच्या वर्षी त्याच अंबड तालुक्यात वडीगोद्रीलाही उपोषण झालं. कुणाची मागणी बरोबर, कुणाची चूक, हे ठरवणारी मी कोण? आणि हा ब्लॉग त्यासाठी नाही. माझा मुद्दा वर्गापुरता आहे.

त्या दिवसांत माझ्या चौथीच्या वर्गात दोन जिवलग मित्र खिचडी खायला वेगवेगळे बसायला लागले. विचारलं तर एक म्हणाला, "आमच्या पप्पांनी सांगितलं." संभाजीनगरला शिकणारा माझा एक जुना विद्यार्थी सांगत होता, "बाई, आता रूम पार्टनर बघताना पोरं आधी आडनाव विचारतात. आधी भाडं विचारायची." गंमत म्हणून सांगितलं त्याने, मला हसू आलं नाही. कारण या मुलांच्या घरचं दुखणं एकच आहे. कोरडवाहू शेती, कापसाचा भाव, दुष्काळात तोडून टाकलेल्या मोसंबीच्या बागा. २०१२-१३ ला बागा वाळल्या तेव्हा त्यांनी मालकाची जात विचारली नव्हती. अभ्यासाला, नोकरीला, निराशेला एकमेकांच्या उपयोगी पडतील अशी हीच मुलं, आणि तीच एकमेकांना पारखी होतायत.

मी काय केलं? भाषण नाही केलं, एकदा चुकून शिकले होते. खिचडीची पंगत जन्ममहिन्याप्रमाणे बसवायला सुरुवात केली. जानेवारीवाले एकीकडे, फेब्रुवारीवाले त्यांच्या शेजारी. दर महिन्याला जागा बदलायच्या. ते दोघं योगायोगाने दोघंही जूनचे! (आपल्याकडे निम्मी शाळा १ जूनला जन्मलेली असते, हे तुम्हाला माहीतच आहे.) पंधरा दिवसांत लोणच्याची देवाणघेवाण सुरू झाली. एका पालकाने येऊन विचारलं, "बाई, हे काय नवीन?" मी म्हटलं, "महिने पाठ करून घेतेय."

संशोधन काय म्हणतं

दोनच अभ्यास सांगते, कारण दोन्ही शिक्षकांच्या कामाचे आहेत. हवाई बेटांतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या सुमारे ७०० मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलं चाळिशीत येईपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण अशा अनेक अडचणी एकाच वेळी वाट्याला आलेल्या मुलांपैकी जवळपास एक तृतीयांश मुलं चांगली, कर्ती माणसं झाली. त्यांच्यात वारंवार सापडलेली एक गोष्ट म्हणजे आयुष्यात निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस. ते आईवडीलच असलं पाहिजे असं नाही. आजी, शेजारी आणि बऱ्याचदा शिक्षक.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला, वॉल्टन आणि कोहेन यांचा, २०११ साली प्रसिद्ध झालेला. विद्यापीठात नव्याने आलेल्या मुलांना जुन्या विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायला दिले. सगळ्यांचा सूर असा की सुरुवातीला मलाही इथे परकं वाटायचं, हळूहळू ते गेलं. मग नव्या मुलांनी स्वतःचं लिहायचं, तेही पुढे येणाऱ्या मुलांसाठी. सगळं मिळून तासाभराचं काम. त्याचा फायदा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पुढची तीन वर्षं गुणांत दिसला, गोऱ्या मुलांशी असलेलं अंतर साधारण निम्म्यावर आलं. का? कारण "हे माझ्या एकट्याचं नाही आणि हे कायमचं नाही" एवढं त्यांना वेळेवर कळलं. यालाच मी आंबवणी म्हणते.

मग आपण चौथीतच काय करायचं?

कॉलेजचं कॉलेजवाले बघतील म्हणून आपण सुटत नाही. तो "स्कॉलरशिपवाले हात वर करा" म्हणणारा कर्मचारी आठवा. मी ते ऐकून चिडले आणि घरी येताना माझ्याच लक्षात आलं, मीसुद्धा हेच करत होते! "एस.सी.ची मुलं उभी राहा, फॉर्म भरायचेत." दारिद्र्यरेषेखालच्या मुलींचा तो दिवसाला एक रुपयाचा उपस्थिती भत्ता, त्यासाठीही नावं मोठ्याने वाचायची. एका रुपयासाठी सात वर्षांच्या मुलीला सगळ्यांसमोर उभं केलं आपण. आता माझ्याकडे यादी असते, मी पालकांना फोन करते किंवा मुलाला मधल्या सुट्टीत बाजूला बोलावते. वेळ जास्त जातो, जाऊ द्या.

भाषेचं पण तसंच. आधी मी "मपलं नाही, माझं म्हणावं" असं दामटून सांगायचे. आता भिंतीवर एक तक्ता आहे, 'घरचा शब्द – पुस्तकातला शब्द'. मपलं – माझं. काहून – का. गोरमाटीतला 'याडी' – आई. मुलंच भर घालतात. उर्दू बोलणाऱ्या घरातल्या मुलाने 'अम्मी' लिहिलं. प्रमाण भाषा शिकवायचीच, त्याशिवाय पुढे निभाव नाही. पण घरचा शब्द चुकीचा म्हणून नव्हे, दुसरा शब्दही यावा म्हणून. हा तक्ता पाहिलेला मुलगा कॉलेजात "मपली वही" ऐकून कदाचित हसणार नाही. माझा भर त्याच्यावर जास्त आहे. कारण हसणारीही आपल्याच शाळांतून गेलेली असतात, हे आपण विसरतो.

पालकांना एकच सांगते. मुलाला फोन केला की "अभ्यास चालू आहे ना, पैसे पुरले का" एवढं विचारून ठेवू नका. "आज कुणासोबत जेवलास?" हे विचारा. आठवडाभर उत्तर "एकटाच" आलं तर गाडी पकडा आणि जाऊन भेटा. तिथे कुणाला भेटायचं तेही सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमावलीनुसार कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला हवा, त्याचं नाव विचारा. रॅगिंगची तक्रार १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर करता येते. मन फारच खचलं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

त्या मुलीचं पुढे काय झालं

मी तिच्यासोबत संभाजीनगरला गेले. फार मोठं काही केलं नाही. तिच्या विभागातल्या एका मॅडमना भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलचे ग्रुप रोल नंबरप्रमाणे पाडले, मुलांच्या मर्जीवर ठेवले नाहीत. मंठा तालुक्यातली एक तिसऱ्या वर्षाची मुलगी त्याच होस्टेलला होती, मॅडमनी दोघींची गाठ घालून दिली. ती हिला रोज संध्याकाळी मेसला हाक मारायची. जातीची नव्हती, गावची नव्हती, फक्त जिल्हा एक.

एम-वन राहिलाच पहिल्या वर्षी, दुसऱ्या प्रयत्नात निघाला. शिष्यवृत्तीचा हप्ता उशिरा आला, त्यासाठी आईने मुकादमाकडून जास्तीची उचल घेतली, ती अजून फिटायची आहे. "मपली" म्हणून चिडवणाऱ्यांपैकी एक जण आता तिच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये आहे. त्याने माफी वगैरे मागितली नाही, पण डबा आला की आधी तिच्यापुढे धरतो म्हणे.

यंदा ती तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गावातली आणखी एक मुलगी जूनमध्ये तिकडे जाणार, हे कळल्यावर तिने मला व्हॉट्सअपवर एक यादी पाठवली, "बाई, तिला द्या" म्हणून. जशी आली तशी इथे देते:

पासपोर्ट फोटो वीस. जात पडताळणीच्या झेरॉक्स दहा, ओरिजिनल कुणाला देऊ नको. महाडीबीटीचा पासवर्ड वहीत लिहून ठेव. बादली इथे घे, तिकडून आणू नको. मेसचं वरण पातळ असतं, लसणाची चटणी आण, जास्त आण, सगळ्या मागतात. पहिल्या दिवशी सात वाजता गेटवर थांब, मी येते, सोबत जेवू.